गांधीलमाशीचं हेल्मेट

गाडीचा चेपलेला पत्रा सरळ झाला की नाही, हे पेंटर डोळ्यांनी कधीच ठरवायचा नाही. डोळे मिटायचे, तळहात पत्र्यावर ठेवायचा आणि अलगद फिरवायचा. "डोळे लबाड असतात, चकचकीत दाखवलं की खूश. हात फसत नाही," असं तो म्हणायचा. गंमत म्हणजे लोकांच्या डोळ्यांना फसवण्यावरच त्याचं पोट होतं. सोमवारी चेपून आलेली गाडी गुरुवारी परत जाताना मालकच विचारायचा, कुठे चेपली होती हो नक्की?

हाताची ही विद्या त्यानं एकाच माणसाला दिली होती, आणि ते माणूस तेरा वर्षांचं होतं. त्याची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. आता ती वर्कशॉपच्या दाराशी चाकांच्या खुर्चीत बसून असायची. उजवा हात मांडीवर पडलेला, बोलणं दहा-बारा शब्दांवर आलेलं. पण डावा तळहात शाबूत होता. पेंटर घासून झालेला दरवाजा तिच्यापुढे धरायचा. ती डोळे मिटून हात फिरवायची आणि कुठेतरी थांबून म्हणायची, "इथे." तिथे हमखास उंचवटा निघायचा.

शनिवारी सकाळी भिंगरीचा मामा पिशवी घेऊन आला.

"भाऊजी, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"आधी काम तर सांग."

"आमच्या वाटाण्यानं घर डोक्यावर घेतलंय." वाटाणा म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी. "भिंगरीताईसारखी मोटोक्रॉसची गाडी चालवायचीय म्हणते. मातीत, उंचवट्यांवरून. दुसरं काही सुचतच नाही तिला."

"मास्तरांनी तर गाडी शिकवायचा वर्ग बंद केलाय."

"तेच ना! तीनदा जाऊन आलो. म्हणतात, माझ्याच नजरेवर माझा भरवसा राहिला नाही, लोकांची पोरं कशी हाताखाली घेऊ? शेवटी म्हटलं, मीच शिकवतो माळावर. पण मी काही अगदीच बेअक्कल नाही हं. गाडीच्या आधी हेल्मेट घेतलंय. सेकंडहँड आहे, पण बघा, नवंकोरं. यावर भिंगरीच्या हेल्मेटवर होती तशी गांधीलमाशी काढून द्या, बस्स."

पांढरंशुभ्र हेल्मेट होतं. पेंटरनं ते उजेडात धरून सगळीकडून पाहिलं. ओरखडा नाही, डाग नाही. तेवढ्यात भिंगरीनं डावा हात पुढे केला. तिला वाटलं, हेही तपासायलाच आलंय. मामा हसला आणि त्यानं हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं डोळे मिटले. हात कपाळावरून मागे गेला, खाली उतरला आणि कानाच्या मागे थांबला.

"इथे."

पेंटरनं स्वतः हात लावून पाहिला. लागलं ते अगदी पुसट होतं, पण होतं. त्यानं पॉलिश पेपर घेऊन चार हात मारले. पांढरा रंग गेला, खाली प्रायमर, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली केसाएवढी चीर.

मामाचं तोंड उतरलं. "म्हणजे आधी आपटलेलंय हे?"

"हं."

"वरून तर काहीच दिसत नव्हतं."

"वरून कळतच नाही. आत थर्माकोलसारखा थर असतो, तो एकदाच दबतो. एकदा दबला की हेल्मेटचं काम संपलं. पुढच्या खेपेला मार सरळ डोक्याला."

मामा मटकन स्टुलावर बसला. वाटाणा हेच घालून माळावर जाणार होती. "कुणी केलं असेल हो हे? कुणीतरी बसून, निवांतपणे, पुट्टी भरून रंगवलं असेल ना? त्या माणसाला लेकरंबाळं नसतील का भाऊजी?"

त्या माणसाचं पेंटरला माहीत नव्हतं. स्वतःचं माहीत होतं. त्याला एकच लेकरू होतं आणि ते समोर खुर्चीत बसलं होतं.

वर्ग चालू होता तेव्हा मास्तरांचे नियम म्हणजे नियम. एकेकाळी स्वतः शर्यती मारलेला, आता एका पायानं लंगडणारा माणूस. गाडीवर बसून मुलाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले नाहीत तर गाडी बदला. छातीचं कवच, गुडघ्यांचे पॅड, मानेची पट्टी, बूट, यातलं एक जरी कमी असलं तरी घरी जा. पहिला महिनाभर गवतावर नुसतं पडायला शिका. आणि सगळ्यांत मोठा नियम हेल्मेटचा. डोकं आपटलं की येऊन सांगायचं. मास्तर रागवायचे नाहीत. करवत काढायचे आणि हेल्मेटचे दोन तुकडे करायचे, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ते पुन्हा घालायला नको. मग अर्ध्या तुकड्यावर पडल्याची तारीख घालून तो शेडच्या भिंतीवर ठोकायचे. पोरांना त्याचाही केवढा तोरा! माझं भिंतीवर लागलं, म्हणून मिरवायची.

भिंगरीला मात्र मिरवायचं नव्हतं. तिच्या हेल्मेटवर बापानं चार दिवस खपून पिवळीधमक गांधीलमाशी काढली होती, पंखांच्या शिरांसकट. ती पडली तो रविवार होता. मागच्या वळणावर पडली, कडेच्या दगडावर डोकं आपटलं. मास्तर तेव्हा दुसऱ्या टोकाला लहान मुलांचे पट्टे बांधत होते, त्यांना दिसलं नाही. तिनं माती झटकली आणि गप्प राहिली. घरी येताना टेम्पोत मात्र बांध फुटला.

"बाबा, मास्तर माझी गांधीलमाशी कापतील!"

इथे बापानं काय म्हणायला हवं होतं, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. पण ह्या बापाला चेपल्यावर एकच औषध ठाऊक होतं, आणि त्यात त्याचा हातखंडा होता. त्याला वाटलं असेल, एवढासा तर ओरखडा. खरं तर त्याला काहीच वाटलं नाही, आणि हेच त्याला दोन वर्षं खात होतं. "रडतेस काय वेडाबाई?" तो म्हणाला. "बाप कशाला आहे?"

पुढच्या रविवारी मास्तरांनी नेहमीसारखं एकेक हेल्मेट हातात घेऊन, फिरवून पाहिलं. भिंगरीचं पाहून मान हलवली, ठीक. त्या दिवशी ती लहान उंचवट्यावरून पडली. इतर मुलं अशी पडून गुडघे झटकत उठायची. ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, हेल्मेट नसतं तर जागेवरच गेली असती. तेवढं एक वाक्य आईनं घट्ट धरून ठेवलं. ते हेल्मेट तिनं कपाटावर ठेवलं. दर आठवड्याला ती ते खाली काढायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "यानंच माझी पोर राखली." मास्तरांनी सगळा दोष स्वतःवर घेतला, वर्ग बंद केला. आणि पेंटर मूग गिळून बसला. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि पुढे पुढे तर इतके दिवस गप्प राहिलो हेच सांगायची चोरी झाली.

त्यानं मामाचं हेल्मेट बाजूला ठेवलं. "वाटाण्याला माळावर नेऊ नकोस," तो म्हणाला. "मी मास्तरांशी बोलतो."

वर्कशॉपचं शटर ओढून तो भिंगरीला घेऊन घरी आला आणि कपाटावरचं हेल्मेट काढलं. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली.

"कुठे नेताय ते?"

"मास्तरांकडे. तूही चल."

"कशाला?"

"तिथे सांगतो. दोनदा सांगायची ताकद नाही माझ्यात."

मास्तर शेडमध्ये एकटेच होते. छोट्या गाड्यांवर कापड घातलेलं, तरी साखळ्यांना तेल देणं सुटलं नव्हतं. भिंतीवर अर्ध्या हेल्मेटांची रांग होती आणि रांगेच्या शेवटी एक खिळा मोकळा होता. हेल्मेट पाहताच ते उठून उभे राहिले.

"हे कशाला आणलंत? मी मागणार नव्हतो. घरीच असू दे, वहिनींकडे."

पेंटरनं हेल्मेट भिंगरीच्या मांडीवर ठेवलं. सवयीनं तिनं डोळे मिटले. हात कपाळावरून निघाला, गांधीलमाशीच्या पंखांवरून मागे गेला, दोन्ही कानांवरून फिरून आला. पुन्हा एकदा फिरला. तिनं डोळे उघडले आणि मान हलवली. काही नाही. काम इतकं चांगलं झालं होतं.

पेंटर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्यानं तिचा हात धरून डाव्या कानाच्या वर ठेवला.

"इथे," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. आधीचा रविवार, दगड, ओरखडा, पुट्टी, रंग. मास्तर, तुमची नजर चुकली नव्हती, मी चुकवली, असं म्हणाला. माझ्या चित्राचा मला मोह झाला, असंही म्हणाला. पोर रडली होती, तेवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

मास्तर म्हणाले, "लॅकरचा वास आला होता मला. त्या सकाळी, हेल्मेट तोंडाजवळ धरलं तेव्हा. म्हटलं, बापानं पुन्हा हौसेनं रंग दिलेला दिसतोय. एका शब्दानं विचारायला हवं होतं मी." त्यांनी हाताला लागलेलं तेल पुसलं. "मेहुण्याला सांगा, पोरीला इथे घेऊन ये म्हणावं. माळावर नको. आता वास घेऊनसुद्धा तपासेन."

पेंटरनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर हेल्मेटवर होती.

"दोन वर्षं मी हे पुसतेय," ती म्हणाली. "दोन वर्षं. आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात."

"हो."

"कापा ते, मास्तर," ती म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन, पाठ करून उभी राहिली. ती आपल्याशी पुन्हा कधी नीट बोलेल की नाही, हे पेंटरला माहीत नव्हतं. विचारायचा हक्कही उरला नव्हता.

मास्तरांनी करवत काढली. ती पाहिली आणि भिंगरीनं डाव्या हातानं हेल्मेट पोटाशी आवळून धरलं. तिचे ओठ हलले. तो शब्द दोन वर्षांत तिच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

"माझी," ती म्हणाली. "बाबा. माझी."

आणि ती रडायला लागली. टेम्पोत रडली होती तशीच, खांदे उडवत.

मास्तर थांबले. "राहू द्या मग. ठेवा घरी."

पेंटरचा जीव कळवळला. राहू दे म्हणायला एक शब्द पुरे होता. पोरीचे डोळे क्षणात पुसता आले असते, आणि त्याला तर तेच येत होतं. तो तिच्यापुढे तसाच बसून राहिला.

"तुझीच आहे," तो म्हणाला. "पण कापायची."

त्यानं तिची बोटं सोडवायला घेतली. एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. तो स्वतःही रडत होता, पण थांबला नाही. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्यानं हेल्मेट मास्तरांच्या हातात दिलं आणि तारीख सांगितली, आधीच्या रविवारची.