गाढवाची सेकंड शिफ्ट

माझी यादी चोरली गेली तेव्हा मी पोलिसात गेले नाही. काय लिहून घेतलं असतं त्यांनी? "फिर्यादी राजश्री, राहणार कारेगाव, हिची मुलांच्या पुस्तकांची यादी चोरीस गेली"? सगळं ठाणं पोट धरून हसलं असतं. म्हणून ठरवलं, आपलं आपणच बघून घ्यायचं. मला राग पटकन येतो आणि जायचं नाव घेत नाही, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

यादी काही आयती मिळाली नव्हती. सहा दिवस मी कंपनीत क्वालिटी तपासणीला असते आणि रविवारी विहाराशेजारच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवते. एक लोखंडी कपाट, दोन सतरंज्या आणि कंपन्यांत राबणाऱ्यांची पोरं, एवढाच कारभार. आईबाप विचारायचे, "ताई, आमच्या पोराला कुठलं पुस्तक देऊ?" त्यातून वही सुरू झाली. तीन वर्षं मी एकेक पुस्तक पोरांच्या हातात देऊन पाहिलं आणि दिसलं ते लिहिलं. तीन ते पाच वर्षं: एका पानावर एकच वाक्य, पुठ्ठा जाड, आणि फाटलं तर ओरडायचं नाही. सहा ते आठ: ज्यात खाणं आहे ते पुस्तक कपाटात कधी पडून राहत नाही, ज्यात तात्पर्य आहे ते कुणी दुसऱ्यांदा नेत नाही. नऊ ते बारा: भुताचं द्या, भांडणाचं द्या, रडवणारं द्या, पण लहान समजून काहीही देऊ नका. सगळ्यांत खाली आईबापांसाठी लिहिलं होतं, की वाचता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवून मनानं गोष्ट सांगा, पण रोज सांगा.

खुटबावचे इंद्रजीत सर दौंड तालुक्यात शिक्षक आहेत. घरची बागायत, वडील हौसराव आप्पा सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे सर जातील तिथं हार आधीच आणून ठेवलेला असतो. वाचनाची चळवळ करतो म्हणून ते एका रविवारी आमच्या खोलीत आले. "वा ताई, वा," म्हणत त्यांनी माझ्या वहीच्या पानापानाचा फोटो काढला. मी त्यांना चहा केला, आलं घालून. त्या आल्याचं मला अजून वाईट वाटतं.

सहा महिन्यांनी पुस्तिका निघाली. 'घरोघरी वाचन. संकल्पना आणि संशोधन: इंद्रजीत सर.' मुखपृष्ठावर सर, मांडीवर त्यांची लेक राजनंदिनी. आत माझी यादी, शब्दाला शब्द. एका पुस्तकापुढं मी माझ्या आठवणीसाठी 'प्रांजलने दोनदा नेलं' असं लिहून ठेवलं होतं. तेही छापलं होतं! प्रांजल म्हणजे आमच्या गल्लीतल्या नकुशीची सात वर्षांची पोरगी. दौंड तालुक्यातले गुरुजी 'ही प्रांजल कोण?' म्हणून डोकं खाजवत बसले असतील.

मी फोन लावला. सर अजिबात गडबडले नाहीत.

"अहो ताई, यादीला कुठं मालक असतो? पुस्तकं काय तुम्ही लिहिलीत? उलट तुमच्या वस्तीतलं काम तालुकाभर गेलं, आनंद माना की." 'तुमच्या वस्तीतलं' हे शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारले. मग म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढतोय. नवीन काही असलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी "हो सर" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात वीस नवी नावं टाकली. एकोणीस खरी होती. सतरावं मी मनानं बनवलं होतं: 'गाढवाची सेकंड शिफ्ट, वय सहा ते आठ, मुलं लोटपोट हसतात.' असं पुस्तक जगात नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं, की हा माणूस पुस्तक उघडून तरी बघतो का.

बघितलं नाही. दुसरी आवृत्ती छापून आली आणि शिरूरला पालकांचा मेळावा ठेवला. मी वाचनालय बंद ठेवून गेले, शेजारी नकुशी होती. सर माइकवर वयानुसार पुस्तकं सांगत होते, सगळी माझीच वाक्यं. मी बनवलेल्या त्या सतराव्या नावाशी आले आणि खुलले.

"हे तर माझ्या घरातलं लाडकं पुस्तक! राजनंदिनीला मी गेलं वर्षभर वाचून दाखवतोय. हसून हसून लोळते पोरगी. आणि शेवटी कष्टाचं महत्त्व काय सुंदर सांगितलंय!"

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि हा माणूस ढेकर देत होता. मी उठून प्रकाशकाचं नाव विचारणार, तेवढ्यात नकुशीच उभी राहिली.

"सर, ते गाढवाचं पुस्तक कुठं मिळंल? माझी बी सेकंड शिफ्ट असती. पोरीला लई आवडंल."

"कुठल्याही चांगल्या दुकानात मिळेल, ताई."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. अजून मोठी सभा होऊ दे, अजून चार जणांसमोर खोटं बोलू दे, असा हावरटपणा मनात आला. सूड लोणच्यासारखा मुरू द्यावा, असं स्वतःला सांगत मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी नकुशी माझ्या दारात आली. तिनं शिरूरची दुकानं पालथी घातली होती, दौंडला जाऊन आली होती, आणि कामावर खाडा करून थेट पुण्याला पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकापर्यंत गेली होती. "दुकानदार हसला मला," ती म्हणाली. "म्हणला, गाढवं कवापासनं शिफ्टला जायाला लागली? तुमी नीट ऐकलं नसंल. ताई, प्रांजल रोज इचारती. मी कामाला जाते तवा ती साळंत असती, मी येते तवा झोपलेली असती. तिला वाटतंय, त्या पुस्तकात आमचंच लिवलंय."

मी तिला खरं सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली.

"म्हंजी पुस्तकच न्हाई?"

"नाही."

"तुमचं भांडण सरांशी, आन् चपला झिजल्या माझ्या." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता पोरीला काय सांगू, ते बी तुमीच सांगा."

लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. नकुशी म्हणजे नकोशी; हे नाव तिला कुणी विचारून ठेवलं नव्हतं. पोरीनं मागितलेली गोष्ट पोरीला मिळालीच पाहिजे, एवढ्या हट्टानं ती जगते. आणि मी तिला जगात नसलेल्या वस्तूसाठी गावोगाव फिरवलं होतं. तीन दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी सरांचं वाक्य आठवलं: पुस्तकं काय तुम्ही लिहिलीत?

मग लिहायलाच बसले. पोरांमध्ये तीन वर्षं जे शिकले होते ते सगळं त्यात ओतलं. पानावर दोनच वाक्यं. खाणं भरपूर. तात्पर्य नाही. गोष्ट अशी, की गाढवआई सेकंड शिफ्टला ओझी वाहायला जाते. जाताना दारावर खडूनं शिंगरासाठी एक चित्र काढते, शिंगरू त्याच्या खाली उत्तर काढून झोपतं. महिनाभरात सगळं दार भरून जातं आणि दोघं मिळून भिंतीला सुरुवात करतात. कंपनीत एक घोडाही आहे. तो एकही ओझं उचलत नाही, पण फोटो काढायची वेळ झाली की सगळ्यांच्या पुढं येऊन उभा राहतो. तो मी कुणावरून काढला, हे सांगायची गरज नाही.

चित्रं वाचनालयातल्या पोरांनी काढली, दारावरची सगळी प्रांजलनं. झेरॉक्सच्या दुकानात पन्नास प्रती काढल्या, पोरांनी स्टेपल मारल्या. पहिली प्रत नकुशीला दिली. तिनं तिथंच उभं राहून अक्षरं जोडत जोडत दोन पानं वाचली आणि पुस्तक पदराखाली घेतलं. माझं तेवढ्यानंच भागायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू? नाही भागलं.

दौंडला सरांचा सत्कार होता. मी फोन केला. "सर, तुमच्या लाडक्या पुस्तकाच्या प्रती मिळाल्यात. कार्यक्रमात आमची प्रांजल वाचून दाखवील."

"वा! आणा, आणा," सर म्हणाले.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले हौसराव आप्पा आणि शेजारी राजनंदिनी. सरांनी भाषणात पुन्हा तेच सांगितलं, वर्षभर वाचून दाखवतो, पोरगी लोळते, कष्टाचं महत्त्व. टाळ्या पडल्या. मग मी प्रांजलला घेऊन स्टेजवर गेले, त्यांच्या हातात प्रत दिली आणि म्हणाले, "सर, मुखपृष्ठ जरा मोठ्यानं वाचा ना."

"गाढवाची सेकंड शिफ्ट," सरांनी खणखणीत आवाजात वाचलं. "लेखन..." आणि थांबले.

"वाचा की सर. माझंच नाव आहे, अवघड नाही. खाली छापल्याची तारीखही आहे."

तारीख मागच्या रविवारची होती. सर वाचेनात, म्हणून मीच माइक घेतला. "मंडळी, हे पुस्तक मी गेल्या महिन्यात लिहिलं. सर वर्षभर वाचून दाखवतायत. जी यादी त्यांनी स्वतःच्या नावावर छापली, तीही माझीच. त्यात हे नाव मी खोटं घातलं होतं, कोण वाचतं ते बघायला."

मागच्या रांगांमधून हशा उसळला. पुढच्या रांगा हसावं की नाही या विचारात होत्या, तेवढ्यात राजनंदिनी उभी राहिली. आठ वर्षांची पोर, तिला कसला सूड आणि कसलं काय.

"पप्पा मला काहीच वाचून दाखवत न्हाईत," ती म्हणाली. "नुसता फोटो काढतात."

हशा एकदम थांबला. आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला आनंद झाला, भरपूर झाला. पण त्या पोरीकडं बघायचं मात्र मी टाळलं. तेवढ्यात प्रांजलनं वाचायला सुरुवात केली, आणि घोड्याचं पान आल्यावर सगळं सभागृह सरांकडं वळून बघायला लागलं.

कार्यक्रमानंतर सरांनी मला दाराशी गाठलं. "ताई, हे बरोबर केलं न्हाई तुम्ही."

"तुम्हीच विचारलं होतं ना सर, पुस्तकं काय तुम्ही लिहिलीत? आता लिहिलं."

त्यांच्या मागून राजनंदिनी पुढं आली आणि हात पसरून उभी राहिली. पुस्तक हवं होतं तिला. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. मग मी तिला प्रत दिली आणि सरांच्या देखत सांगितलं, "हे मोठ्या माणसानं वाचून दाखवायचं असतं बरं का. रोज. वाचून नाही दाखवलं तर मला फोन कर." मागच्या पानावर माझा नंबर लिहून दिला.

तिसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघेलसं वाटत नाही. पण परवा दुपारी कंपनीत जेवायला बसले होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून आवाज आला, "मावशी, मी राजनंदिनी. आप्पांच्या फोनवरनं बोलते."

"बोल की. पप्पा वाचून दाखवतात का?"

"व्हय, रोज. पण घोड्याचं पान गाळतात."

"मग तू काय करतेस?"

"मी परत पहिल्यापासनं वाचायला लावते."