तीन कोटी नव्याण्णव लाखांची रांग

माकणीच्या अलीकडं आमच्या गावात जत्रेला पालखीपुढं नारळ फोडायचा मान अकरा घरांचा. आधी कोण अन् मागनं कोण, यावरून दरसाल नारळाआधी डोकी फुटायची. शेवटी निवृत्त गणित मास्तर अमरनाथ सरांनी तोड काढली. अकरा घरं जितक्या तऱ्हांनी रांगेत उभी राहू शकतात, त्या सगळ्या तऱ्हा दरसाल एक अशा वापरायच्या. एकही तऱ्हा दोनदा येणार नाही.

सरांनी देवळाच्या फळ्यावर आकडा लिहिला: ३,९९,१६,८००.

"एकपासनं अकरापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. म्हणजे पहिला नारळ दर घराला बरोबर छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे वेळा."

शेजाऱ्याला आपल्यापेक्षा एकही नारळ जास्त नाही, एवढं प्रत्येकानं बघून घेतलं. वर्षं कुणी मोजली नाहीत. सर वहीत लिहितील त्याच क्रमानं, अशी सगळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली.

सरांनी वेशीपासनं घरांना नंबर दिले; अकरावं घर ईरण्णाचं. वय एक्क्याऐंशी. पहिला नारळ त्याच्या बापालाही मिळाला नव्हता. "एक डाव फोडतो, मग खुशाल न्या," असं तो भेटेल त्याला सांगायचा. चार जत्रा झाल्या: अकरावा, दहावा, अकरावा, दहावा. पाचवीच्या आधी तो सरांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"सर, माझा पहिला नंबर कधी?"

सरांनी वही उघडली, मिटली. "आप्पा, तीन कोटी बासष्ट लाख अठ्ठ्याऐंशी हजार जत्रा झाल्या की लगेच पुढची तुमची."

"आन् हिंमतराव?"

"त्यांचं पहिलं घर. पहिली छत्तीस लाख वर्षं तेच."

"म्हंजे वाटणी सारखी, पण माझी मसणात."

"शेवटचा आकडा आधी बदलायचा, ही रीत हाय. मोटारीचं मीटर बघा. मधनंच उचललं तर एखादी तऱ्हा राहून जाती."

बैठक बसली. हिंमतराव मोठ्या मनानं म्हणाले, "माझी हरकत न्हाय, यंदा आप्पाला द्या." दुसऱ्या घरच्या पार्वतम्मांनी पदर सावरला. "क्रम मोडायचाच तर आधी आमचं घर. आमालाबी छत्तीस लाख वर्षं थांबायचंय." मग तिसरं घर बोललं, चौथं बोललं. आधी कुणासाठी मोडायचा, यावर दोघांच्या बाह्या वर सरकल्या. तेव्हा पुजारी शिवशरण म्हणाले, "बेलभंडार उचललाय." बाह्या खाली आल्या, सगळे उठले. ईरण्णाही. त्यानंही उचलला होता.

जत्रेदिवशी तो नारळ घेऊन रांगेत उभा राहिला. सर हळूच म्हणाले, "आप्पा, यंदा नववे तुम्ही. चढलाय."

"पुढच्या साली?"

"नववेच."

"त्याच्या पुढं?"

सरांनी वहीचं पान उलटलं. "परत अकरावे."

पुढं हिंमतरावांचा नारळ फुटला. ईरण्णानं आपला नारळ या हातातनं त्या हातात घेतला.