माझ्याशिवाय उघडलेली माती

मी कुदळ बोलतेय. धुळ्याहून जाताना सोनगीरच्या अलीकडे यशोदाबाईंचं घर आहे, त्याच्या छपराच्या वाशाला मी अडकवलेली असते. माझी धार गेली, दांड्याला चीर पडली, पण एक गोष्ट अजून जशीच्या तशी आहे. मला मातीचा हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवू?

धुळ्यात नूर महंमदच्या भट्टीत माझा जन्म झाला. यशोदाबाईंचे यजमान भटूआबा मला न्यायला आले, तेव्हा नूर महंमदनं माझ्या नेढ्यात बाभळीचा दांडा ठोकून बसवला आणि म्हणाला, "आबा, इसको जमीन पे गुस्से से मत मारना. लोहा भी उसी के पेट का बच्चा है."

आबा हसले. मी मात्र मनात म्हटलं, मी आगीची लेक! मातीशी माझं काय नातं? नव्या धारेचा माज असतो, तो मलाही होता.

पहिल्याच दिवशी तो उतरला. शेतात गेल्यावर आबांनी मला बाजूला ठेवलं. ते ओणवे झाले, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि हळूच म्हणाले, "माय, तुना आंगले लागी. माफ करजो." मग मला उचललं.

त्या घरात माती म्हणजे जिवंत बाई. उन्हाळ्यात ती तापानं फणफणते. पेरणी झाली की तिला दिवस राहतात, पीक निघालं की ती बाळंतीण होते. यशोदाबाई भाताचं गरम पाणीसुद्धा अंगणात ओतत नाहीत. "तिले चटका बसी," म्हणतात, आणि निवेपर्यंत पातेलं धरून उभ्या राहतात.

आणि मी? दगडावर आपटून माझं तोंड बोथट व्हायचं, ठिणग्या उडायच्या. तुला लागलं का, असं मला कधी कुणी विचारलं नाही. दसऱ्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं एक फूल मिळायचं. तेही बैलगाडीच्या हारातून गळलेलं. बाजरी घरात आली की सगळे म्हणायचे, "मायनी दिन्हं." अरे, मग उन्हात घाव कुणी घातले?

एकाच कामात माझा खरा मान होता. घरात मूल झालं की त्याची नाळ शेताच्या बांधावर, निंबाखाली पुरायची. ज्याची नाळ मातीच्या पोटात, त्याला माती विसरत नाही. तो कुठंही गेला तरी ती त्याला ओढून आणते, असं यशोदाबाई मानतात. तो खड्डा माझ्याशिवाय कधी झाला नाही. त्यांच्या नवलची नाळ पुरली तीही माझ्याच घावानं. तेव्हा मी मातीला ऐकवलं होतं, बघ, लेकरं तुझ्या ओटीत येतात ती माझ्यामुळं.

पुढं आबा गेले. नवल सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला, रत्नाशी त्याचं लग्न झालं, तिकडंच दिपमाला ही मुलगी झाली. मी वाशाला लटकून राहिले आणि त्या नाळेची वाट बघू लागले.

मागच्या श्रावणात ती तिघं आली. सकाळी पोचली आणि संध्याकाळी परत निघणार होती, कारण नवलला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. रत्नाच्या पदराच्या गाठीत वाळलेली नाळ होती. नवलनं पाणी पिण्याआधीच मला वाशावरून काढलं. मी शहारले. किती दिवसांनी माणसाचा हात लागला होता!

"ठेव ती!" यशोदाबाई चुलीपाशून ओरडल्या. "आज काय शे, ठाऊक शे का तुले?"

"काय शे?"

"नागपंचमी शे! आज तिले लोखंड लावतस का कोनी?"

नवल गोंधळला. "आजून पंधरा दिवस शेतस ना माय? मना खोलीमा कॅलेंडर शे."

"ते गुजरातनं कॅलेंडर. आठला, आपला गावना नाग तुनं कॅलेंडर वाचतस का रे?"

रत्नानं पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही. तिकडं नागपंचमी श्रावणाच्या वद्य पक्षात येते. सुरतेत राहून नवल आपल्या घरची तिथी विसरला होता. इकडं भिंतीवर गंधाचे नाग काढलेले होते, वारुळाशी लाह्या ठेवून झाल्या होत्या, घरात त्या दिवशी तवा चढला नव्हता की विळी निघाली नव्हती. त्या दिवशी मातीच्या अंगाला लोखंडाची धार लागू द्यायची नाही, हा नेम यशोदाबाईंनी जन्मभर पाळला होता.

नवल वैतागला. "मंग ऱ्हाऊ दे. सुरतले तुळसनी कुंडी शे, तिन्हामा पुरी टाकसू."

"कुंडीमा? मनी नातनी नाळ कुंडीमा? कुंडीले पोट तरी शे का?"

आता रत्नाचं हसू मावळलं. ती जळगाव शहरातली, बोलते हळू. "आई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिपमालानं अजून मातीला पायसुद्धा लावला नाही. तुमच्या हातानं पुरायची म्हणून मी ही गाठ कधी सोडली नाही. परत कधी येणं होईल, सांगता येत नाही."

यशोदाबाईंनी नातीच्या तळपायांवरून बोट फिरवलं. नेम मोडला तर मातीला जखम होणार आणि पाळला तर नात परकी राहणार. दोन्हीकडून त्यांचाच जीव कापला जात होता. मी मात्र मनात म्हणत होते, मोडा नेम! एक दिवस तिला लागलं तर काय बिघडलं?

नवलनं मला खांद्यावर टाकलं आणि तो बांधाकडं निघालाच. त्याच्यामागं रत्ना, पोरीला कडेवर घेऊन. त्यांच्यामागं यशोदाबाई, धापा टाकत.

पाऊस पेरणीपुरता पडून गेला होता. निंबाखालची काळी माती वाळून कडक झाली होती. नवलनं मला उंच उचललं. इतक्यात यशोदाबाई खाली बसल्या आणि त्यांनी नेमका माझ्याखालीच तळहात टेकला.

"मार! पयले मना हातवर मार."

मी हवेत थांबले.  नवलनं मला खाली टाकलं आणि तोंड फिरवलं.

यशोदाबाईंनी हात उचलला नाही. तो मातीवरून हळूहळू सरकला, जसा आजारी माणसाच्या पाठीवरून फिरतो. मग त्यांची बोटं कुठंतरी आत गेली. पालापाचोळ्याखाली एक भेग होती, खोल, काळीशार.

"रत्ना, लवकर ये," त्या म्हणाल्या. "आपीन खंदं नही. तिनीच तोंड उघाडं."

रत्नानं गाठ सोडली. यशोदाबाईंनी नाळ भेगेत सोडली, वर चिमूट चिमूट माती टाकली आणि दिपमालाचे तळवे तिथं टेकवले. पोरीनं पाय आखडले, पुन्हा टेकले, आणि ती खिदळली.

"माय, वयखी ठेव," यशोदाबाईंनी मातीला नातीची ओळख करून दिली. "नवलनी पोर शे ही."

नवलनं डोळे पुसले. मी बाजूला पालथी पडले होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मी तिला घाव घालून उघडत आले आणि त्या पोरीसाठी ती आपणहून उघडली. असा हेवा मला आधी कधी वाटला नव्हता. हा मातीचा नव्हता, त्या लेकराचा होता.

तेव्हापासून नूर महंमदचं बोलणं मला सोडत नाही. लोखंडही तिच्याच पोटचं. मग मीही तिची लेकच की! मला तिच्यातून ओढून काढलं, आगीत घातलं आणि तिलाच मारायला धाडलं. माझी नाळ कुणी पुरली? वयखी ठेव, असं माझ्यासाठी तिला कुणी म्हटलं?

यशोदाबाई, गल्लीत भंगारवाला येतो. नवल फोनवर म्हणतो, "ती कुदळ देई टाक." तुम्ही नाही म्हणता, ते मी ऐकते. माझं एवढं करा. पुन्हा पाऊस लांबला की निंबाखाली भेग पडेल, तिच्यात मला सोडा. मला मोठी भेग लागेल, ठाऊक आहे. मी थांबेन. पण घाई करून बाजारातून नवी कुदळ आणू नका. दुसरीच्या घावानं झालेल्या खड्ड्यात मी उतरणार नाही.

माझ्यासाठीही ती आपणहून तोंड उघडते का, ते मला एकदा बघायचंय.