रुओलानचा ताप

आपल्याला खोटं बोलता येत नाही, असं कुआंग बाई स्वतःच सांगत. चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या त्या लहानशा गावच्या शाळेत पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे होता, आणि बेचाळीस मुलांत सगळ्यात जाड चष्मा मियाओ रुओलानचा. वय अकरा, नंबर उणे नऊ. आईबाप दूर ग्वांगदोंगच्या कारखान्यात, पोरगी आजीजवळ.

डोळे तपासणारी गाडी यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तर पेंग सरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"चष्म्यांचा टक्का यंदा खाली यायला हवा, जिल्ह्याची तंबी आहे. तुमच्याकडचं ते जाड भिंग उद्या घरीच राहू दे."

"पण ती आजारी नाही, सर."

"मग आजारी पाडा. सगळेच पाडतात. तुम्ही काय काल लागलात नोकरीला?"

तसं बाईंनी याआधी दोनदा पाडलंच होतं. गेल्या आठवड्यात रुओलान म्हणाली होती, "बाई, डोळ्यासमोर काळी चिलटं उडतात." बाईंनी तिला डोळ्यांचा व्यायाम नीट करायला सांगितलं. रोज शाळेच्या कर्ण्यावर त्या व्यायामाचे आकडे सुरू झाले की पोरगी इमानेइतबारे भुवया चोळत बसे.

संध्याकाळी बाईंनी आजीला फोन केला. "रुओलानचं अंग आज कोमट लागलं हो. उद्या झोपू दे तिला."

"किती जीव लावता बाई पोरीला," आजी म्हणाली.

गाडीतलं यंत्र डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढी आणि तो आपला आपणच वाचून अर्ध्या मिनिटात हिरवा, पिवळा की लाल ते सांगे. ते चालवणाऱ्या मुलीनं यादी पाहिली.

"एकेचाळीसच?"

"एक तापानं घरी आहे."

"नंबर किती तिचा?"

बाईंनी खरा सांगितला. तेवढं खोटं जमलं नाही.

"अहो, मग हे धूड आम्ही कोणासाठी ओढत आणलंय? एवढ्या नंबरात पडदा ताणून ताणून विरतो, आणि बाहेरून कुणाला कळत नाही. ताप असला तरी चालेल, बोलवा तिला. चारपर्यंत थांबते मी."

रुओलानचं घर दहा मिनिटांवर. बाईंनी फोन बाहेर काढला. पेंग सर पायरीवर उभे राहून बघत होते. फोन परत पिशवीत गेला आणि चार वाजता गाडी निघून गेली. भेकड होत्या कुआंग बाई, याला दुसरा शब्द नाही. पुढच्या सोमवारी चष्मे कमी केल्याबद्दल त्यांच्या वर्गाच्या दारावर बक्षिसाची लाल फीत लागली.

गाडी गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात रुओलान म्हणाली की डाव्या डोळ्यानं अर्धा फळा काळा दिसतोय. आजीला शहर ठाऊक नव्हतं, म्हणून बाईच दोघींना मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

"पडदा सुटला होता," सकाळी डॉक्टर म्हणाले. "चिकटवलाय, पण या डोळ्यानं वाचता येईल असं वाटत नाही. महिन्यापूर्वी कुणी पाहिलं असतं, तर लेझरनं कड डागून भागलं असतं. शाळेत तपासणीची गाडी आली नव्हती का?"

"आली होती की," आजी म्हणाली. "नेमका त्याच दिवशी पोरीला ताप. बाईंनीच ओळखला. आमचं नशीब फुटकं, दुसरं काय." तिनं संत्रं सोललं आणि आधी बाईंच्या हातात ठेवलं. "घ्या, कालपासून उपाशी आहात."

बाई म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी ताप..."

"होता," रुओलान म्हणाली. ऑपरेशननंतर तिला पालथं झोपवलं होतं, तोंड उशीत होतं. "खूप होता. मला उठताच येत नव्हतं."

अकरा वर्षांची पोर बाईंना सांभाळून घेत होती.

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं, तपासणीच्या दिवशी ताप. बाई संत्रं हातात धरून बसून राहिल्या.