एका गोळीनंतरचा ताप

“डॉक्टर, तुमचं औषध चुकलं तर नाही ना?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. भिंगरीची छाती होणार नाही, यावर फोनवर तिघींचं एकमत झालं होतं, कारण या डॉक्टरीणबाईंसमोर भले भले मिशीवाले नुसती मान डोलवून बाहेर पडतात. भिंगरीने विचारलं. आवाज इतका खणखणीत निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

आईने टेबलाखालून चिमटा काढला. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

झालं होतं असं. शाळेच्या रानभेटीत भिंगरीच्या पोटरीला गोचीड चावली. आठ-दहा दिवसांनी तिथे लाल चट्टा उठला आणि बघता बघता बशीएवढा झाला. हा लाइम नावाचा आजार, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. काल सकाळी पहिली गोळी पोटात गेली आणि दुपारपर्यंत पोरगी हुडहुडायला लागली. ताप चढला, सांधे ठणकले, चट्टा लालभडक झाला.

आई शिवणकाम करते. एक टाका वाकडा गेला तरी ती सगळी शिवण उसवते आणि पहिल्यापासून घालते. गिऱ्हाइकं त्यासाठीच तिच्याकडे येतात. तोच कायदा तिने औषधाला लावला. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये गेलं आणि संध्याकाळची गोळी चुकली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात, पण घरात आईने आखलेल्या रेघेबाहेर त्यांचा ब्रश जात नाही.

भिंगरीला मात्र धास्ती होती. औषध अर्धवट सोडलं तर हा आजार सांध्यांत आणि नसांत घर करू शकतो, हे पहिल्याच दिवशी तिने कान देऊन ऐकलं होतं. त्यामुळे प्रश्न पैजेचा असला, तरी उत्तर तिला स्वतःसाठी हवं होतं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, ताप कधी आला ते विचारलं, अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, धाप लागली का, सगळं तपासलं. यातलं काहीच नव्हतं, आणि तापही उतरणीला लागला होता.

“औषध चुकलं नाही, लागू पडलंय,” त्या म्हणाल्या. “जंतू भराभर मरायला लागले की जाता जाता अंगात धुमाकूळ घालतात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत शांत होतं. वाढलं तर तडक इकडे यायचं. पण गोळी बंद करण्याआधी मला विचारायचं, हिने विचारलं तसं.”

आईने हळू आवाजात चुकलेल्या गोळीचं कबूल केलं. आता दोन एकदम द्यायच्या नाहीत, ठरलेल्या वेळी एकेक चालू ठेवायची, असं उत्तर मिळालं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भिंगरीचे सांधे अजून कुरकुरत होते, पण चाल अशी, जणू मागे बँड वाजतोय. शेवटच्या पायरीवर ती वळली आणि आईसमोर हात पसरला.

“आई, पाकीट दे. बाबा, तुम्ही पण ऐका. आजपासून गोळ्या माझ्याकडे राहतील आणि शेवटच्या गोळीपर्यंत मी त्या घेणार. कितीही ठणकलं तरी डॉक्टरांना फोन मी करणार, आणि त्या सांगेपर्यंत कुणीही काहीही उसवायचं नाही.”