आठ नंबरची झोप

त्या बुधवारी बाबा गच्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. डिसेंबरात मनीषनगरच्या आमच्या गच्चीवर दहानंतर कुठे ऊन येतं. मी समोर बसून मदत करत होते.

"जया, दाणे कमी अन् अळ्याच जास्त टाकून राहिली वं तू. एवढी पुस्तकं वाचली, पण अळी नाई ओळखू येत तुले."

"पुस्तकातली अळी हलत नाही ना, बाबा."

ते हसले. मग म्हणाले, "काल शाळेत बोलावलं होतं. तेच सांगितलं."

ते मला पाठ होतं. एकाहत्तरच्या युद्धात त्यांचं जहाज बुडालं तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. बारा जण रबरी तराफ्यावर चढले. ओले कपडे, थंडी, वारा. झोप लागली की माणूस गारठून मरणार, म्हणून प्रत्येकाला नंबर दिला. थोड्या थोड्या वेळाने एकापासून बारापर्यंत हाका द्यायच्या. ज्याचा नंबर येणार नाही त्याला शेजाऱ्याने हलवून जागं करायचं. बाबा सात नंबर. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बोटीने त्यांना उचललं. इथे मुलं टाळ्या वाजवतात.

"एका पोरीनं विचारलं, बाराच्या बारा वाचले का?" बाबांच्या बोटांत शेंग तशीच राहिली. "मी म्हटलं, हो."

मी वर पाहिलं.

"आठ नंबर बाबन होता. उमरेडच्या विणकराचा पोरगा. आपल्या बोलीत बोलणारे जहाजावर आम्ही दोघंच. लय थकला होता. मले म्हणे, लहानू, दोन फेऱ्या झोपू दे गा, माहा नंबर तूच म्हण. मी सात म्हटलं, अन् आवाज बदलून आठबी म्हटलं. दोन फेऱ्या झाल्या. मले वाटलं, झोपला हाय तर झोपू द्यावं. उजाडेपर्यंत मीच आठ म्हणत राहिलो."

उमरेड आमच्या घरापासून तासाभरावर. चौपन्न वर्षांत बाबा तिकडे एकदाही गेले नव्हते. मावशीच्या मुलीचं लग्न तिथे होतं, तेव्हा पाय दुखतो म्हणून ते घरीच राहिले होते.

ते माझ्याकडे बघत होते. अपराधाविषयी, क्षमेविषयी मी आयुष्यभर वाचत आले आहे. त्यातलं एकही वाक्य मला उपयोगी पडेना. "चहा टाकते," म्हणून मी उठले. मी चहा घेऊन आले, तेव्हा त्यांनी घोट घेतला, "साखर कमी हाय वं," म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.

गुरुवारी सकाळी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत काढले. आठ म्हणताना त्यांनी कसा आवाज काढला असेल? जाड? नाकातला? बाबनसारखा हुबेहूब? विचारलं असतं तर त्यांनी करून दाखवला असता. तेवढा एक आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी आता काहीही दिलं असतं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घरासमोर मांडव होता. भंतेजींच्या गाथा चालू असताना धम्मदीपने, माझ्या धाकट्या भावाने, तांब्यातून पाण्याची धार धरली. वाटी भरून पाणी ताटात सांडलं. मग तो माईकवर बोलला. "आमच्या बाबांनी कोणाले झोपू नाई देलं. बाराच्या बारा घरी आले." बायका डोळे पुसत होत्या.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

माझं नाव पुकारलं. लिहून आणलेली दोन पानं मी खुर्चीवरच ठेवली. माईककडे न जाता फोटोसमोर उभी राहिले. मागे कोणीतरी म्हणालं, "ऐकू नाई येऊन राहिलं वं ताई, जोरात बोल."

मी जोरात बोलले.

"बाबा, तुमच्या जागी मी असती, तर मीबी त्याले झोपू देलं असतं."