दाराला टेकवलेला फ्लास्क

मी फ्लास्क बोलतोय. चहाचा नव्हे, बरं का. मला दोन भिंती आहेत आणि त्यांच्या मधे काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या पोकळीवरच माझं आयुष्य चाललं. ती शाबूत असली की पोटात कितीही गारठा असो, बाहेरून अंग कोरडं.

माझ्यात द्रवरूप नायट्रोजन भरायचे. त्याच्यापुढे बर्फ म्हणजे ऊनच. मला घेऊन संशोधक बाई सफरचंदाच्या बागेत जायच्या. ही झाडं एक वर्ष फांद्या मोडतील इतकी लगडायची आणि पुढच्या वर्षी रुसून बसायची. फांदीवरच्या इवल्या कोंबाला माळी डोळा म्हणतात. प्रत्येक डोळ्यात सगळी जनुकं असतातच. पण त्यांतलं कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, त्यावर फूल येणार की नुसती पानं, हे ठरतं. बाईंना ते बोलणं ऐकायचं होतं.

अडचण अशी, की खुडलेलं डोळ्याला लगेच कळतं. तो बावरतो आणि आत भलतंच बोलणं सुरू होतं. म्हणून खुडल्याबरोबर त्याला नळीत घालून माझ्यात सोडायचं. मग शब्द जिथल्या तिथे थिजतो. फार नाजूक काम. मला ते आवडायचं.

एकदा गाडीतून पडून माझा कान तुटला. नवा फ्लास्क आला. मला माळीकाकांनी बागेतल्या खोलीच्या दाराला टेकवलं, वाऱ्यानं ते आपटू नये म्हणून. तक्रार नाही, तेही कामच. पण बाई नव्याला घेऊन समोरून गेल्या, की पोटात रिकामं वाटायचं.

मग त्या बागेतून रस्ता काढायचं ठरलं. झाडं तोडायला माणसं आली. बाईंनी कशीबशी दुपारपर्यंतची सवड मागून शेवटचे डोळे खुडले आणि नवा फ्लास्क खोलीत आणून ठेवला. पलीकडे करवत सुरू झाली.

"बाई, याला घाम फुटलाय," माळीकाका म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. "हात लावू नका! दंव आहे ते. याची पोकळी गेली. आतलं सगळं उडून चाललंय."

"मग गाडीतून न्या की."

"ड्रायव्हर जेवायला गेलाय."

"मग झालंच. तो ताटावर बसला की जावई होतो."

बाई हसल्या नाहीत. "काका, हे डोळे वितळले तर परत खुडायला झाडंच नाहीत." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "तो आणा."

"हा? अहो, याच्यात कोळी राहतो."

"कान तुटलाय त्याचा, पोट नाही. आणा हो लवकर!"

काकांनी मला उलटं करून झटकलं. "चला पाहुणे, घर खाली करा." मागे दार धाडकन आपटलं.

मी उन्हानं तापलेलो. बाईंनी नव्यातून ओतलेली पहिली धार चरचरून धूर होऊन गेली. काका म्हणाले, "गेलं सगळं!" पण तळाशी थोडं टिकलं. नळ्या आत आल्या.

आता मला धास्ती वाटली. पडलो तेव्हा कान तुटलेला सगळ्यांनी पाहिला. पोकळीचं कुणी पाहिलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

बाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं हातमोजा काढून त्यांनी माझ्या अंगावर तळहात ठेवला.

"कोरडा आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, "काका, कोरडा आहे हो!" आणि तिथेच फरशीवर बसून हसायला लागल्या. ड्रायव्हर ढेकर देत आला, त्याला काहीच कळेना.

पुढे थंडीत त्या सांगत आल्या, "बोलले डोळे. सगळे नीट बोलले. जिथली कच्ची फळं काढून आपण आधी विरळ केली होती, तिथल्या डोळ्यांत फुलाचं बोलणं चालू होतं."

"म्हणजे झाड रुसत नव्हतं," काका म्हणाले. "दमत होतं बिचारं."

आता मला दोरीचा कान आहे. मी दुसऱ्या बागेत जातो. तिथल्या खोलीच्या दाराला आता पोकळी गेलेला तो नवा फ्लास्क असतो. जाताना मी त्याला म्हणतो, वाईट वाटून घेऊ नकोस, दार नीट धर.

तुमच्याकडे एवढंच मागणं. कान तुटलेलं काही टाकून द्यायच्या आधी एकदा त्याच्या अंगावर हात ठेवून बघा. कोरडं असेल.